खडखडणारी हार्ड डिस्क आणि टिळकवाडीतील दुरुस्तीचे दुकान

बेळगावात संगणक दुरुस्तीची दुकाने पुष्कळ आहेत. विंडोज टाकून देणे, रॅम वाढवणे, प्रिंटरचे कार्ट्रिज भरून देणे ही कामे त्यांपैकी बहुतेक ठिकाणी व्यवस्थित होतात. आवाज करू लागलेल्या हार्ड डिस्कचे काम मात्र निराळे आहे, कारण तेथे यंत्राची किंमत नगण्य असते आणि त्यावरील मजकूर पुन्हा कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. म्हणून अशा कामासाठी दुकान निवडताना मी एकच कसोटी लावते: समोरचा माणूस आधी प्रत काढून घेतो, की आधी डिस्क 'रिपेअर' करायला बसतो. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेले एक छोटे दुकान या कसोटीला पूर्णपणे उतरले. पाटीवर कन्नड आणि इंग्रजीत 'कॉम्प्युटर सेल्स अँड सर्व्हिस' एवढीच अक्षरे आहेत. काम मात्र असे आहे की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

खानापुरात आमचे डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठीची पाने संगणकावर जुळवण्याचे काम आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गावोगावच्या लक्ष्मी यात्रांची हँडबिले, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका असा सगळा मजकूर एका १ टीबीच्या हार्ड डिस्कवर साठत आला होता. यांतील बरेच काम पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये, युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी व कन्नड फॉन्टांत केलेले आहे. काही अहवाल तर असे आहेत की छापील प्रत संस्थेकडेही उरलेली नाही आणि दरवर्षी मागील वर्षाच्या फाइलवरच नवे आकडे बसवले जातात. या डिस्कमधून पावसाळ्यात एक नवा आवाज येऊ लागला. सलग घरघर नव्हती. फाइल उघडताना 'टक', थोडी शांतता, पुन्हा 'टक', आणि तेवढा वेळ पडद्यावरचे सगळे थिजलेले. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने डिस्कची प्रकृती पिवळ्या रंगात दाखवली. 'सी५' या ओळीत, म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयित ठरलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरील साठवणीच्या छोट्या कप्प्यांच्या) नोंदीत, शेवटी 'ए८' असे उमटले होते. हा प्रोग्राम मूळ आकडे सोळाच्या पायावर दाखवतो, म्हणून 'ए८' म्हणजे १६८. ही बाब ध्यानात न घेतल्याने अनेकांना त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

जवळच्याच एका तंत्रज्ञाला बोलावले. त्यांनी मशीन ताब्यात घेऊन चेकडिस्क हा विंडोजचा प्रोग्राम संपूर्ण पृष्ठभाग तपासण्याच्या पर्यायासह चालवला आणि 'बॅड सेक्टर निघून जातील' असे सांगितले. मी त्यांचे नाव घेणार नाही, कारण ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही. ती सर्वत्र आहे आणि तिच्यामुळे नुकसान होते. चेकडिस्क हे फाइल व्यवस्थेची नोंदवही दुरुस्त करण्याचे साधन आहे. ज्या डिस्कचे हेड, म्हणजे मजकूर वाचणारे टोक, निकामी होत चालले आहे, तिला पहिल्या सेक्टरापासून शेवटच्यापर्यंत वाचायला लावणे म्हणजे तिच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग अशा जागा वाचण्यात घालवणे, जेथे आपले काहीच नसण्याची शक्यता आहे. शिवाय हा प्रोग्राम मूळ डिस्कवरच बदल लिहितो. नोंदी जुळल्या नाहीत तर फाइलींचे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरात नावागावाविना टाकून देतो, आणि पुढे प्रत काढणाऱ्याला मूळ रचना सापडत नाही. आमच्या बाबतीत त्या तपासणीनंतर आवाज वाढला आणि विंडोज सुरू होण्यास कितीतरी अधिक वेळ लागू लागला.

टिळकवाडीच्या दुकानात फोन केला तेव्हा मालकांनी किंमत सांगण्याआधी प्रश्न विचारले. आवाज सुरू करतानाच येतो की काम चालू असताना. डिस्क बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ पडद्यावर, पूर्ण क्षमतेसह दिसते का. मशीन कधी पडले होते का. यूपीएसची बॅटरी किती जुनी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणता मजकूर सर्वांत आधी हवा आहे. मग ते म्हणाले, "अक्का, आता मशीन अजिबात चालू करू नकासा. डिस्क काढून आणा, नाहीतर कॅबिनेटच घेऊन या." या एका वाक्याने माझा विश्वास बसला. वीज बंद असलेल्या डिस्कची झीज थांबते, आणि पुढे जे काही करायचे ते विचार करून करता येते.

दुकानात त्यांनी प्रथम डिस्कखेरीज बाकीच्या शक्यता तपासल्या, हे मला विशेष आवडले. आवाज ऐकून लोक थेट डिस्कवर बोट ठेवतात, पण प्रोसेसरच्या पंख्याचे बेअरिंग खराब झाले तरी खरखर येते, पंख्याच्या पात्याला एखादी वायर लागली तरी टकटक येते, आणि पॉवर सप्लाय पुरेसा दाब देत नसेल तर निरोगी डिस्कही मोटर सुरू करून पुन्हा थांबते व क्लिक करते. त्यांनी आमची डिस्क स्वतःच्या बेंचवरील पॉवर सप्लायला जोडली, खाली जाड रबराचा तुकडा ठेवला आणि बोटांची टोके तिच्या धातूच्या झाकणावर टेकवून ऐकत राहिले. मलाही हात ठेवायला सांगितले. मोटरची फिरकी एकसारखी होती, तिच्यात थरथर नव्हती. मध्येच मात्र बोटांना एक बारीक, कोरडा धक्का जाणवायचा आणि लगेच तसाच दुसरा.

त्यांनी जे समजावले ते असे. डिस्कच्या तबकड्यांवर मार्ग ओळखण्यासाठी कारखान्यातच लिहिलेल्या खुणा असतात. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत त्या खुणा वाचते आणि आपली जागा ठरवते. खूण वाचता आली नाही की हात मागे घेऊन पुन्हा नव्याने प्रयत्न होतो, आणि आपल्याला ऐकू येणारा क्लिक तो हाच. उंच पट्टीतील सलग शीळ बहुधा बेअरिंगची असते. मोटर अडकली असेल तर बारीक बीप ऐकू येते, आणि खरवडल्यासारखा आवाज आला तर हेड तबकडीला टेकले आहे असे समजून त्याच क्षणी वीज तोडायची. त्या शेवटच्या प्रकारातील डिस्क ते स्वतः हातात घेत नाहीत. ती हवेतील धूळ गाळलेल्या क्लीन रूममध्येच उघडावी लागते, आणि तशी सोय असलेल्या बेंगळुरू, पुणे किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेकडे ते ग्राहकाला पाठवतात. आमच्या आवाजाची जात पहिली होती: हेड दुबळे झालेले, पण अजून वाचणारे.

त्यानंतर स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी आपल्या आतच ठेवते त्या नोंदी, वाचल्या. यासाठी त्यांनी विंडोज वापरले नाही. विंडोज डिस्क दिसताच तिच्यावरील फाइल व्यवस्था आपोआप उघडते, वाचू लागते, काही वेळा तिच्यावर लिहितेही. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या प्रणालीवर डिस्कमधील फाइल व्यवस्था न उघडताच तिच्या अंतर्गत नोंदी पाहता येतात. 'सी५'चा आकडा आता १,३०४ झाला होता. दोन्ही आकडे ८ च्या पटीत का, हेही त्यांनी सांगितले: आजच्या डिस्कमधील खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ बाइटचे ८ सेक्टर म्हणून मोजला जातो, त्यामुळे एक जागा बिघडली की मोजणी बहुधा आठाने वाढते. 'सी७'ची ओळ शून्य होती, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलमधून जाताना होणाऱ्या चुका नव्हत्या. ती वाढलेली असती तर थोड्या पैशांची केबल बदलून काम भागले असते. 'सी०'ची ओळ मात्र फुगलेली होती. अचानक वीज गेल्यावर हेड घाईने मागे घेतले गेल्याची ती मोजणी असते. खानापुरात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको, आणि आमच्या यूपीएसची बॅटरी थकली असल्याचे या एका ओळीवरून त्यांनी ओळखले.

एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली आणि ती फार थोडे दुकानदार सांगतात: स्मार्ट नोंदी चांगल्या असल्या म्हणून डिस्क चांगली आहे असे ठरत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, डिस्कांच्या महत्त्वाच्या चार नोंदींत काहीही आढळले नव्हते. उलट, पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट निघाली. थोडक्यात, वाईट नोंद दिसली तर ती खरी मानावी, आणि चांगली नोंद दिसली तरी निर्धास्त होऊ नये.

यानंतर झाले ते खरे काम, आणि याच कामासाठी मी हे दुकान सुचवते. प्रत काढण्यासाठी त्यांनी जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरला. अँतोनियो दियाझ दियाझ यांनी २००४ पासून सांभाळलेला हा प्रोग्राम मोफत आहे. साध्या कॉपी-पेस्टमध्ये एक फाइल अडली की सगळे अडते आणि डिस्क त्याच खराब जागेवर डोके आपटत राहते. डीडीरेस्क्यू फाइलींकडे पाहतच नाही. तो डिस्कची सेक्टरागणिक प्रतिमा दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवतो. पहिल्या फेरीत जेथे अडथळा येईल ती जागा सोडून पुढे उडी मारतो, म्हणजे सहज मिळणारा मजकूर डिस्क जिवंत असतानाच हाती येतो. सोडलेल्या भागांच्या कडा दुसऱ्या फेरीत कुरतडतो, मग उरलेला भाग एकेका सेक्टरने खरवडतो आणि शेवटी, सांगितले असेल तरच, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. कोणता भाग मिळाला आणि कोणता राहिला याची नोंद तो मॅप फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे मध्येच वीज तोडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केले, तरी काम जेथे थांबले तेथूनच पुढे चालते.

निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने वाचली तर प्रत पावणेतीन तासांत होते. आमच्या डिस्कला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागला, आणि तो घाई न करता दिला गेला याचे मला मोल वाटते. डिस्क यूएसबीच्या डबीत न घालता थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडली होती. तिच्यावर एक छोटा पंखा सोडला होता. क्लिकची माळ लागली की मालक प्रोग्राम थांबवत, वीज काढत आणि डिस्क निवू देत. सुरुवातीकडून वाचताना एका पट्ट्यात वेग घसरून केबीवर आला, तेव्हा त्यांनी दिशा उलटी करून शेवटाकडून वाचायला सुरुवात केली आणि तो पट्टा अखेरच्या फेरीसाठी राखून ठेवला. शेवटी ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग मिळाला. तेवढ्यावर बरेच जण 'डेटा आला' म्हणून बिल करतील. येथे पुढची पायरीही झाली: न मिळालेल्या जागा प्रतिमेत एका ठरावीक खुणेच्या अक्षरांनी भरून घेतल्या आणि ती अक्षरे कोणत्या फाइलींत आढळतात ते शोधले. त्यामुळे नेमक्या कोणत्या फाइलींना इजा झाली आहे याची यादी माझ्या हातात आली. काही जुनी छायाचित्रे, विंडोजच्या स्वतःच्या फाइली आणि एका स्मरणिकेची पाने त्या यादीत होती. सोसायट्यांचे सर्व अहवाल सुखरूप होते.

ही यादी मिळाली नसती तर आणखी एक गोष्ट उशिरा कळली असती. यादीत दोन फॉन्टांची नावे होती. आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांना याचे गांभीर्य लगेच समजेल. जुन्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर आतून इंग्रजी चिन्हांच्या क्रमाने साठवलेला असतो, आणि तोच फॉन्ट, शक्यतो त्याच आवृत्तीचा, हाताशी नसेल तर सुखरूप वाचलेली फाइलदेखील पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग म्हणून उघडते. आमच्याकडे फॉन्टांची मूळ सीडी होती, म्हणून ते दोन पुन्हा बसवता आले. सीमाभागातील ज्या छापखान्यांत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांची जुनी कामे पडून आहेत, त्यांनी डेटाइतकेच फॉन्टांच्या फोल्डरालाही मजकूर मानून दुकानात तसे सांगावे. या दुकानात ते आपणहून विचारले जात नाही, आणि ती एक उणीव आहे.

नवीन डिस्कची निवड फार चर्चेची नव्हती. विंडोज आणि प्रोग्रामांसाठी ५०० जीबीची साटा एसएसडी (तबकड्यांऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) आणि साठवणीसाठी २ टीबीची नवी हार्ड डिस्क बसवली. आमचा मदरबोर्ड जुना असून त्याचे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचे आहे. त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावरील सेकंदाला ५०० एमबीपेक्षा अधिक वेगाचा आकडा येथे मिळणार नाही हे मालकांनी आधीच स्पष्ट केले, आणि त्याच कारणाने महागडे मॉडेल घेऊ नका असेही सांगितले. तरीही फरक मोठा आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली येण्यासाठीच सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक वाट पाहावी लागते. शेकडो फॉन्ट एकामागून एक उघडणाऱ्या प्रोग्रामात हीच वाट साठत जाते. एसएसडीत काही फिरत नसल्यामुळे ती वाट उरत नाही. जुनी प्रतिमा जशीच्या तशी नव्या एसएसडीवर न उतरवता विंडोज नव्याने टाकले, कारण बिघडलेल्या सिस्टम फाइली सोबत आणण्यात अर्थ नव्हता. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहे. आमचे जुने प्रोग्राम नव्या विंडोजवर नीट चालत नसल्याने हे मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवायचे ठरले, आणि ग्राहकांच्या ई-मेलसाठी दुसरे वापरायचे.

एसएसडीविषयी एक इशारा मात्र त्यांनी दिला, तो मी पुढे पोहोचवते. हार्ड डिस्क पुष्कळदा आवाज करून सावध करते. एसएसडी बिघडते तेव्हा काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे आता आमच्या मजकुराची एक प्रत २ टीबीच्या डिस्कवर आणि दुसरी बाहेरच्या डिस्कवर, बेळगावातील नातेवाइकांच्या घरी असते.

उणिवा आहेत, आणि त्या सांगणे भाग आहे. हे एका माणसाचे दुकान आहे. गणपतीच्या दिवसांत आणि शाळा सुरू होताना काम लांबते, आणि फोन उचलला जाईलच असे नाही. समोर गाडी लावायला जागा नाही. तपासणीचा अहवाल लेखी देण्याची पद्धत नाही. मागितल्यावर स्मार्ट नोंदींच्या पडद्याची छापील प्रत मिळाली. बिलावर नव्या डिस्कचे सीरियल नंबरही सांगूनच लिहून घ्यावे लागले, आणि वॉरंटीसाठी ते लागतातच. दराबाबत तक्रार नाही. तपासणीचे ३०० रुपये घेतले जातात आणि काम केल्यास ते एकूण रकमेत वळते होतात. प्रत काढण्याची मजुरी किती मजकूर हाती आला यावर ठरते, आणि काहीच मिळाले नाही तर फक्त तपासणीचे पैसे. ही अट त्यांनी सुरुवातीलाच सांगितली होती आणि शेवटी पाळली.

निपाणी, चिकोडी, खानापूर अशा ठिकाणांहून डिस्क घेऊन येणाऱ्यांनी ती अँटिस्टॅटिक पिशवीत घालून बबल रॅपमध्ये गुंडाळावी आणि बसमध्ये वरच्या कप्प्यात न टाकता मांडीवर घ्यावी. वाटेत कोणी डिस्क फ्रीजमध्ये ठेवून पाहण्याचा किंवा तिच्या पाठीवरील हिरवा सर्किट बोर्ड बदलण्याचा सल्ला दिला तर तो ऐकू नये. थंड तबकडीवर दमट हवेतील पाणी धरते. आणि आजच्या बोर्डवरील एका चिपमध्ये त्याच डिस्कपुरत्या जुळवलेल्या नोंदी असतात, म्हणून ती चिप न हलवता तशाच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावला तरी बहुधा डिस्क सुरू होत नाही. काम झाल्यावर जुनी डिस्क परत मागून घ्यावी. या दुकानात ती न मागताच, पिशवीवर तारीख लिहून परत दिली गेली. आमच्या त्या डिस्कवर ग्राहकांचे पत्ते, खाते क्रमांक आणि सभासदांच्या याद्या आहेत, त्यामुळे ती भंगारात दिलेली नाही. वाचलेली प्रत्येक फाइल उघडून पाहण्याचे काम अजून चालू आहे. ते संपले की तबकड्या काढून तोडून टाकण्याचे मालकांनी कबूल केले आहे, आणि ते काम माझ्यासमोर होईल.